भिडू नसलेला डाव

परवा धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात चार सेनापती लढत होते आणि मी चकल्यांचे ताट घेऊन रणांगण ओलांडायला वाट शोधत होतो.

करी रोडला आमची चाळ होती. ती पाडून झालेल्या इमारतीत आम्ही आता अकराव्या मजल्यावर राहतो. चिरंजीव आणि त्याची मित्रमंडळी फरशीवर पत्ते मांडून बसली होती. पण हे पत्ते बदाम-इस्पिकचे नव्हेत! 'मॅजिक : द गॅदरिंग' हा रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला, १९९३ साली बाजारात आलेला खेळ. पानापानावर राक्षस, देवदूत, मंत्र. पाने विकत घ्यायची, अदलाबदल करायची आणि आपला कॅट आपणच बांधायचा. नव्या कपड्यांऐवजी पाने हवीत, यावरून आदल्या रात्री घरात बरीच आतषबाजी झाली होती. तेव्हा मी बसलो तो खरे म्हणजे दोष काढायला.

यातल्या 'कमांडर' प्रकारात बहुधा चौघे खेळतात. प्रत्येकाची १०० पाने आणि ४० प्राण. साध्या जमिनी सोडल्या तर एक पान दोनदा घ्यायचे नाही. साधारण तिसरा हिस्सा पाने जमिनीचीच. जमीन नसेल तर राक्षस उपाशी!

चिरंजीवांचा कॅट लाल, म्हणजे उतावळा. दोघांच्या खेळात ही घाई फळते. इथे तिघांचे मिळून १२० प्राण घ्यायचे, तोवर दम संपतो. निळा गडी दुसऱ्याचा प्रत्येक मंत्र छाटायचा. पण एकाच्या पानापायी आपले पान गेले की उरलेले दोघे फुकटात सुखी. हिरव्याने जमिनी वाढवून अजस्र श्वापदे उभी केली, ती सर्वांच्या डोळ्यांत आली. काळ्या कॅटची मुलगी मात्र "माझ्याकडे आहेच काय?" म्हणत राहिली. तिघे हिरव्यावर तुटून पडले आणि तिने जपलेली दोन पाने एकत्र टाकून डाव जिंकला.

आरामखुर्चीतून दादांनी, माझ्या वडिलांनी, विचारले, "ह्यात भिडू कोण?"

"कोणीच नाही, आजोबा. सगळे सगळ्यांच्या विरुद्ध."

दादा गप्प झाले. मला जुनी गॅलरी आठवली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी पाच वर्षांचा होतो. भोंग्याला जायचे नसल्याने मेंढीकोट दिवसभर चाले. दादांचा भिडू त्यांच्याच खात्यातला, समोर बसणारा. पुढच्या वर्षी तो सावंतवाडीकडे आपल्या गावी गेला, तो परतला नाही. दादांनी कॅट कपाटावर टाकला आणि पुन्हा पत्त्याला हात लावला नाही.

काहीतरी बोलायचे म्हणून मी मुलांना त्याच सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांची गोष्ट सांगितली. लाखेचे रोगण दिलेली गोल पाने, दहा अवतारांची बारा-बारा, एकूण १२०. खेळणारे तिघे, दिवसा रामाने आरंभ, रात्री कृष्णाने. हुकमाचा रंग नाही. कोणती मोठी पाने पडून गेली हे ज्याच्या ध्यानात, त्याचे लहान पानही वेळेला राजा होते. आणि भिडू? तिथेही नाही!

दुसऱ्या डावात चिरंजीव आपला ड्रॅगन टाकणार, तोच दादा म्हणाले, "मेंढी इतक्यात उघडी करू नकोस. एक्के अजून बाहेर आहेत."

त्याने हात आवरला. हरला शेवटी, पण सर्वांत मागून. मुले जिने उतरताना त्याच वाक्याची चर्चा करीत होती.

रात्री दादा मला म्हणाले, "उद्या येताना एक साधा कॅट आण. घरात चौघे आहोत."

मग नातवाकडे वळून म्हणाले, "तू समोर बसायचंस."

पानांचे पैसे मी दुसऱ्या दिवशी दिले. कपडे गेल्या वर्षीचे चालतील.