भीती मनोऱ्याची, सावधगिरी कोठे?

मोबाईलच्या मनोऱ्यावरून गृहनिर्माण संस्थेत वाद पेटला, की ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द हटकून उच्चारला जातो. त्याने अणुबाँबचे स्मरण होते. परंतु मनोऱ्याच्या रेडिओलहरींत रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. त्यांचा निर्विवाद सिद्ध झालेला परिणाम एकच : शरीरातील ऊती तापणे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात घातले, ते मर्यादित पुराव्यावर. पुढे २०२४ साली त्याच संघटनेने करविलेल्या व्यापक परीक्षणात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. म्हणून सावधगिरी सोडावी असे नव्हे. तिची दिशा मात्र तपासावी.

अंतर वाढते तशी लहरींची तीव्रता झपाट्याने घटते. त्यामुळे दूरच्या मनोऱ्यापेक्षा कानाशी धरलेला फोनच डोक्याला अधिक लहरी देतो. मनोरा दूर गेला, संपर्क क्षीण झाला, की हाच फोन आपली प्रक्षेपणशक्ती वाढवितो. तेव्हा मनोरा हटविल्याने लहरी टळतातच असे नाही, हे आंदोलकांनी ध्यानी घ्यावे.

याचा अर्थ कंपन्यांना मोकळे रान द्यावे, असा मुळीच नाही. केंद्र सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय निकषाच्या एक-दशांशावर आणली होती. परंतु मर्यादा कोणतीही असो, ती कागदावर राहिल्याने रहिवाशांची भीती जात नाही. प्रत्यक्ष मोजणीचे आकडे इमारतीच्या दारावर, मराठीत लागले पाहिजेत. अफवेला उत्तर द्यायचे ते आकड्यांनीच.