तळ्याकाठचा प्लॉट : इसार देण्यापूर्वी झोन पाहा

धंद्यात जम बसला, चार पैसे गाठीशी आले, की आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना गावाबाहेर मोकळ्या हवेत घर हवेसे वाटते. त्यात प्लॉट तळ्याकाठचा निघाला की इसार द्यायला उशीर होत नाही. दलाल सातबारा पुढे करतो, "बांधकामाचे माझ्याकडे लागले" म्हणतो आणि वीस वर्षांची बचत अडकते. जमीन कोणाच्या नावावर आहे एवढेच सातबारा सांगतो. तेथे घर बांधता येईल की नाही, हे झोनवरून ठरते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली शहरांच्या विकास योजना आणि प्रादेशिक योजना मंजूर होतात. आपला गट नंबर त्यात रहिवास विभागात आहे की शेती किंवा हरित विभागात, याचा झोन दाखला व भाग नकाशा फी भरून मिळतो. तो स्वतः कचेरीत जाऊन काढावा. दलालाच्या झेरॉक्सवर जाऊ नये. एन.ए.चे नियम २०१४ पासून बरेच सैल झाले, म्हणून झोनची अट सुटली असे नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

"झोन बदलून देतो" हे आश्वासन तर ऐकूनच सोडून द्यावे. विकास योजनेत फेरबदल करायचा तर कलम ३७ प्रमाणे जाहीर सूचना, हरकती, सुनावणी आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी लागते. तलाठ्याच्या किंवा सरपंचाच्या हातात ते नाही.

आता पाण्याचा प्रश्न. २०१७ च्या पाणथळ नियमांत, ज्या पाणथळ जागांना ते लागू आहेत तेथे, गेल्या दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्के बांधकाम चालत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव या व्याख्येतून वगळले आहेत, आणि दलाल नेमके तेवढेच सांगतो. परंतु अशा तलावाच्या काठची संपादित जमीन पाटबंधारे खात्याची किंवा नगरपालिकेची असू शकते. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की तीच जमीन प्लॉटसारखी दिसते! म्हणून भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या कराव्यात. तलावाखाली नदी असेल तर निळी आणि लाल पूररेषाही नकाशावर पाहावी. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घराचा विचारच नको.

झोन रहिवासी असेल तर वास्तुविशारदाकडून नकाशे करून कलम ४४ खाली अर्ज द्यावा. साठ दिवसांत निर्णय न कळल्यास परवानगी मिळाली असे कायदा मानतो खरा, पण बांधकाम नियमांत बसणारे असेल तरच. नियमाबाहेरच्या भिंतीला त्याचा आधार नाही.

घराखाली कारखाना, रंगकामाचे हौद किंवा गोदाम घालायचे असेल तर ते नकाशात आधीच दाखवावे. केवळ राहण्याच्या परवानगीवर ते चालत नाही आणि सांडपाणी तळ्याकडे गेले तर शेजाऱ्याची तक्रार ठरलेलीच.

बांधकाम सुरू करण्याचा दाखला एक वर्ष चालतो. पुढे नूतनीकरणाने आणखी तीन वर्षेच वाढतो. हाती पैसा येईल तसे बांधणाऱ्यांनी ती तारीख वहीत लिहून ठेवावी.