भयपटाची नवी आवृत्ती आणि हरवलेले भय

जुना भयपट पुन्हा काढता येतो; पण त्यातील भय पुन्हा उत्पन्न करता येते काय? जुन्या भयपटांचा रसिक यासाठी ‘सायको’चा दाखला देतो. आल्फ्रेड हिचकॉकचा हा अमेरिकन चित्रपट १९६० सालचा, कृष्णधवल. ख्यातनाम नटी जेनेट ली हिची नायिका निम्मा चित्रपट होण्यापूर्वीच मारली जाते. स्नानगृहातील त्या प्रसंगात सुरी, पाणी, किंकाळी आणि तंतुवाद्यांचा कर्कश आक्रोश एवढेच असते. जखम प्रेक्षक मनात पाहतो. खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा हिचकॉकचा दंडकच होता.

१९९८ मध्ये गस व्हॅन सँटने जवळजवळ तीच पटकथा, तेच संगीत घेऊन ‘सायको’ रंगीत केला. परंतु आघात कोठे होणार, हे प्रेक्षकास आधीच ठाऊक होते. सांगाडा राहिला, प्राण गेला.

याउलट जॉन कार्पेंटरचा ‘द थिंग’ (१९८२) पाहावा. १९५१ च्या चित्रपटातील परग्रहावरील राक्षस उघड शत्रू होता. येथे तो कोणत्याही सोबत्याचे रूप घेतो आणि विश्वासच मरतो. भयाचे मूळ अज्ञातात असते. नव्या आवृत्तीने जुने दृश्य नव्हे, तर नवे अज्ञात शोधावे.