आजाराचे नाव फोडून वाचा

आपल्या त्र्यंबक या नावात ‘त्रि’ आहे. त्रि म्हणजे तीन, अंबक म्हणजे डोळा. रक्ततपासणीच्या कागदावर ‘ट्रायग्लिसराइड’ असे छापलेले असते, त्यातला ‘ट्राय’ही तीनच. या चरबीच्या कणात ग्लिसरॉलला तीन स्निग्धाम्ले जोडलेली असतात. हा योगायोग नव्हे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असा विचार विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत १७८६ मध्ये मांडला. वैद्यकातील बहुतेक इंग्रजी नावे ग्रीक-लॅटिनमधून आली आहेत. त्यामुळे दंत आणि डेंटल, नासा आणि नेझल, अस्थी आणि ऑस्टिओ हे एकमेकांचे दूरचे नातेवाईकच!

लांबलचक नाव पाहून रुग्ण निम्मा घाबरतो. पण वाचकहो, हे नाव फोडले की सोपे होते.

शेवटी ‘आयटिस’ असेल तर दाह किंवा सूज. गॅस्ट्रायटिस जठराचा दाह, आर्थ्रायटिस सांध्यांचा, हेपटायटिस यकृताचा. दाह कोठे आहे एवढेच हे नाव सांगते. कशामुळे ते सांगत नाही. हेपटायटिस विषाणूंमुळे होतो, दारूमुळे होतो आणि काही औषधांमुळेही होतो. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेले औषध आपल्याला चालेलच असे नाही.

शेवटी ‘ओमा’ असेल तर बहुधा गाठ. पण प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. लायपोमा ही चरबीची, सहसा निरुपद्रवी गाठ. कार्सिनोमा मात्र कर्करोग. ग्रीक ‘कार्किनोस’ म्हणजे खेकडा, आपल्या राशीतला कर्क तोच.

सर्वांत सावध राहायचे ते ‘हायपर’ आणि ‘हायपो’ या जोडीपासून. कानाला दोन्ही सारखेच वाटतात, अर्थ मात्र उलट. हायपर म्हणजे आपला ‘उपरि’, वर, जास्त. हायपो म्हणजे ‘उप’, खाली, कमी. हायपरग्लायसेमियात रक्तातील साखर वाढते, हायपोग्लायसेमियात ती घटते. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाला अचानक दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, तो असंबद्ध बोलू लागला तर साखर घटल्याची शंका घ्या. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्या. ‘मधुमेह्याला साखर कशी द्यायची’ म्हणून थांबू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा.

आणखी एक तुकडा ध्यानात ठेवा, तो म्हणजे ‘एक्टमी’. याचा अर्थ कापून काढून टाकणे. ग्रीक ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय, म्हणून हिस्टरेक्टमी म्हणजे गर्भाशय काढणे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, हे आपल्याला आठवत असेल. संमतिपत्रावर ‘एक्टमी’ दिसले तर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: काय काढणार, का काढणार, आणि न काढता दुसरा उपाय आहे का?

नावाचा अर्थ कळला म्हणजे रोगाचे निदान करता आले असे नव्हे. निदान डॉक्टरांनीच करावे. पण नेमका प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि शब्द कळला की प्रश्न विचारता येतो.