पोपट भरपूर आहेत, म्हणून?

नागपुरात पोपट दुर्मीळ झालेत, असं कुणी म्हणणार नाही. महाराजबाग, सेमिनरी हिल्स, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या झाडांवर त्यांचा कलकलाट चाललेलाच असतो. मग घरात एखादा मिठू पाळला तर बिघडलं कुठे? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांमुळे देशी पक्ष्यांचा व्यापार नव्वदच्या दशकापासून बंद आहे. तरी मिठू पाळणं हा गुन्हा आहे, यावर शिकल्यासवरल्या घरांचाही विश्वास बसत नाही. पण कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी ‘भरपूर’ हा हिशेब चुकतो, कारण बाजाराला उडता पोपट नको असतो, पिल्लू हवं असतं. माणसाळतं आणि बोलतं ते पिल्लूच. हिवाळा सरताना पकडणारे झाडावर चढतात. ढोलीत हात जात नसेल तर तिचं तोंड कुऱ्हाडीनं मोठं करतात. पिल्लं तर जातातच, वर ती ढोलीही निकामी होते. पोपट बहुधा ढोली स्वतः कोरत नाही. सुतारपक्ष्यानं किंवा तांबटानं सोडलेली, नाहीतर फांदी कुजून झालेली वापरतो. मैना आणि पिंगळा यांचीही नजर तिच्यावरच असते. शिवाय पोपट दीर्घायुषी. वर्षानुवर्षं पिल्लं उचलली तरी मोठे पक्षी दिसतच राहतात. थवा म्हातारा होतोय, हे खालून पाहणाऱ्याला कसं कळावं?

हे उगाच घाबरवणं नाही. पिवळसर डोक्याचा एक गोड गळ्याचा बुलबुल आग्नेय आशियात एकेकाळी सर्रास दिसे. पिंजऱ्याच्या हौसेपायी तो जावा बेटावरून जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडे पक्षीअभ्यासक अबरार अहमद यांनी नव्वदच्या दशकात देशभरचे पक्षीबाजार पाहिले, तेव्हा सुमारे ३०० देशी जाती विक्रीत आढळल्या. मुनियांना रंग फासून विकण्याची चलाखीही त्यात होतीच. साध्या पोपटाच्याच टोपलीत खांद्यावर लाल पट्टा असणारा पहाडी पोपटही येतो, आणि तो आता जागतिक यादीत संकटाच्या उंबरठ्यावर आहे.

पकडणाऱ्यांच्या पोटाचं काय, हा आक्षेप रास्त आहे. मात्र या साखळीत सर्वांत कमी पैसा आणि सर्वांत जास्त धोका त्यांच्याच वाट्याला येतो. तेव्हा पोटाची काळजी असेल तर पर्यायी काम द्यावं, बाजार चालू ठेवू नये. परदेशी लव्हबर्ड विकू द्या, हौस भागेल, असंही सांगतात. ते विकणं बेकायदा नाही, पण बोलका मिठू हवा असलेल्या गिऱ्हाईकाचं समाधान लव्हबर्डनं होत नाही, आणि दर्शनी पिंजऱ्यामागे काय आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही. जप्त केलेले पक्षी सोडून देणंही सोपं नसतं. सेमिनरी हिल्सला वन विभागाचं उपचार केंद्र आहे. पण हातावर वाढलेल्या, पंख छाटलेल्या पोपटाला ना खाणं शोधता येतं, ना ससाण्यापासून पळता. म्हणून तपासणी दुकानांत आणि विणीआधी, जानेवारीपासूनच व्हायला हवी. २०१८च्या नियमांनी पाळीव प्राण्यांच्या दुकानांना नोंदणी आणि नोंदवही सक्तीची केली आहे. कोणता पक्षी कुठून आला, हे त्या वहीत मागता येतं.