कुत्र्यासोबत डोंगरवाट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रविवारी पहाटे चिखलीतून निघालेल्या गाडीच्या मागच्या काचेतून एखादं कुत्रं डोकावताना हमखास दिसतं. कोणी भंडारा डोंगराकडे वळतं, कोणी थेट लोहगड गाठतं. पट्टा हातात घेताच घरभर उड्या मारणाऱ्या जिवाला कोंडून जाववत नाही, हे खरंच. पण वाट आपण ठरवतो आणि चटके त्याला बसतात. म्हणून हे समज आधी तपासून घ्या.

गैरसमज : पट्टा बांधला की कुत्र्याला कुठल्याही गडावर नेता येतं.

वस्तुस्थिती : लोहगड, विसापूर आणि घोराडेश्वराची लेणी ही केंद्र संरक्षित स्मारकं आहेत. 1959 च्या नियमांनुसार देखभालीच्या कामाखेरीज तिथे कोणताही प्राणी आणायला मनाई आहे. पट्टा असला तरी सूट नाही. लोहगड 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळे आपली जबाबदारी वाढलीच आहे. कुत्रा सोबत असेल तर तुकोबांच्या चिंतनाने पावन झालेल्या भंडारा डोंगराच्या पायथ्याची वाट धरा. मंदिर आणि लेण्यांचा परिसर मात्र टाळा आणि वाटेवरचे सूचनाफलक वाचा.

गैरसमज : थंडीत कुत्र्याला ऊन लागत नाही.

वस्तुस्थिती : कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तळपायांना. अंगातली उष्णता तो धापा टाकूनच बाहेर काढतो. त्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं, 41 च्या वर जिवावर बेततं. आपला काळा कातळ दहा वाजताच तापू लागतो. हाताची मागची बाजू त्यावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्यालाही सोसवणार नाही. लाळ घट्ट झाली, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, तर लगेच सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि पशुवैद्य गाठा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हा धोका जास्त असतो.

गैरसमज : नाक ओलं आहे, म्हणजे तब्येत ठणठणीत.

वस्तुस्थिती : आजारी कुत्र्याचं नाकही ओलं असू शकतं आणि निरोगी कुत्रा झोपून उठला की ते कोरडं असतं. नाकापेक्षा त्याची चाल, श्वास आणि खाणं पाहा.

गैरसमज : ओढ्याचं पाणी त्याला पचतं, आपला खाऊही चालतो.

वस्तुस्थिती : उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. हा आजार माणसालाही होतो. इंद्रायणीचं पाणी तर पाजूच नका. घरून पाणी आणि वाटी न्या. पिशवीतल्या सुकामेव्यातले मनुके त्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. चॉकलेट आणि कांदाही विषारीच.

गैरसमज : मोकळा सोडला तरी हाकेसरशी परत येतो.

वस्तुस्थिती : शेळ्यांचा कळप दिसला की हाक ऐकू येत नाही. कळपाची राखणी कुत्री अंगावर धावून येतात. मावळ-खेडच्या या पट्ट्यात बिबट्याही आहे. पट्टा हातातून सोडू नका.

घरी परतलात की चहा टाकण्याआधी पाच मिनिटं त्याच्याजवळ बसा. कानांच्या घड्या उलगडा, बोटांच्या फटीत आणि काखेत गोचीड चाचपा, तळव्यात काटा रुतलाय का पाहा. रेबीजची लस वेळेवर द्या. आपण दमलो तर सांगू शकतो. तो मात्र मागे मागे चालतच राहतो, म्हणून थांबायचं कधी हे तुम्हीच ठरवा.