पहिल्या माजाआधी

"भाटी एकदा तरी व्याली पाहिजे, मग काय ते ऑपरेशन करा." साताऱ्यात, सांगलीत मांजर पाळणाऱ्या घरांतून हे हमखास ऐकू येतं. ज्या शिवारात खोंड बडवताना कुणाला काही वाटत नाही, तिथे मांजरीच्या वेळी मात्र हात आखडतो. बोलणं मायेपोटीच असतं, पण विज्ञान त्याच्या बाजूने नाही.

गाई-म्हशीचं बीज ठरल्या वेळी आपोआप सुटतं. मांजरीचं बहुधा बोक्याशी संग झाल्यावरच सुटतं. बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात. त्यांच्या स्पर्शाची वर्दी मेंदूला पोहोचते, पियुषिका ग्रंथीतून संप्रेरक उसळतं आणि दिवसा-दोन दिवसांत बीजं सुटतात. म्हणून मांजर सहसा रिकामी राहत नाही. संग झालाच नाही, तर माज ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो. रात्रभर ओरडणं, जमिनीवर लोळणं, दारं खरवडणं पुन्हा सुरू.

हे चक्र उजेडावर चालतं. उत्तर युरोपात हिवाळ्याचा दिवस आखूड होतो, तेव्हा मांजरींचा माज थांबतो. साताऱ्यात मात्र वर्षातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो, त्यात घरातले दिवे. ती विश्रांती आपल्या मांजरींना फारशी मिळत नाही. गाभणपण जेमतेम नऊ आठवड्यांचं, आणि पिलं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. मग पिलं पोत्यात घालून मंडईजवळ सोडली जातात. हे थांबायलाच हवं, आणि त्याचा उपाय म्हणजे नसबंदीची शस्त्रक्रिया.

ही शस्त्रक्रिया मांजरीच्या आरोग्यासाठीही हवी. मांजरीच्या स्तनांत येणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या निघतात. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मांजरींमध्ये या कर्करोगाचा धोका 91 टक्क्यांनी कमी आढळला. वर्षाच्या आत केली तर 86 टक्क्यांनी. दोन वर्षांनंतर फायदा दिसला नाही. पिलं झाली की नाही, याचा काहीच फरक पडला नव्हता. 'एकदा तरी'ची वाट पाहण्यात हा काळ हातचा जातो. माज थांबवायची इंजेक्शनं स्वस्त पडतात खरी, पण त्यांनी गर्भाशयात पू होऊ शकतो, स्तनांत गाठी येऊ शकतात. ती टाळावीत.

शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देऊन पोटावर लहानसा छेद घेतात आणि शेंगदाण्याएवढी दोन्ही बीजांडं, बहुधा गर्भाशयासह, काढतात. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खासगी पशुवैद्यही ही शस्त्रक्रिया करतात. उपाशी किती वेळ ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा, लहान पिलाला फार वेळ ठेवणं धोक्याचं. घरी आणल्यावर टाके चाटू देऊ नका. आणि दुखतंय म्हणून आपल्याकडची पॅरासिटामॉल मुळीच देऊ नका. एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते.

शस्त्रक्रियेनंतर भूक वाढते, ऊर्जेची गरज घटते, त्यामुळे वजन चढतं. दूध-भाताची वाटी कमी करावी लागते. बोक्याचं ऑपरेशन याहून सोपं. त्यानंतर भिंतींवर मुतणं, भटकणं आणि मारामाऱ्या बहुतेकांच्या कमी होतात. चाव्यांतून पसरणारा, मांजरांना एड्ससारखा आजार देणारा विषाणूही मग सहज गाठत नाही.

सांगलीच्या हळदीच्या गोदामात उंदरांसाठी मांजर ठेवणाऱ्यांनीही निर्धास्त राहावं. शिकारीची ओढ लैंगिक संप्रेरकांवर अवलंबून नसते. ऑपरेशननंतरही मांजर उंदीर धरते.